मॅब्री रोडवरच्या पाट्या

१४ ऑगस्ट

तिसऱ्या घावालाही खुंट जमिनीत शिरला नाही. माती भाजलेल्या विटेसारखी झाली आहे. डेलबर्टने पाटी धरली होती, मी हातोडा मारत होतो. तेवढ्यात नेल गाडी घेऊन फाटकाशी आली आणि काच खाली करून म्हणाली, "पाटी जरा मागे घे, हॉइट. वळताना डावीकडची गाडी दिसत नाही."

"पाटी दिसावी म्हणूनच लावतात."

"मलाही दिसायला हवं ना रे."

डेलबर्ट हसला. पाटी मी जिथे होती तिथेच ठोकली. ‘हॉइट मॅब्री. काउंटी बोर्ड. आपला माणूस.’ गेल्या चार निवडणुकांतल्याच पाट्या आहेत, फक्त रंग पुन्हा मारला. सोळा वर्षं मी जिल्ह्याच्या या बोर्डावर आहे. एकदाही मला पाटीवर जास्त काही लिहावं लागलं नाही.

नेल चालायला गेली होती. गुडघ्याच्या डॉक्टरने रोज दोन मैल सांगितले आहेत. आमच्या रस्त्याच्या कडेला चर आहे, चालायला जागा नाही. म्हणून ती गाडी काढते, मॅब्री मेडोज वसाहतीत जाते, तिथे गाडी लावते आणि तिथल्या फुटपाथवर चालते. चालायला जाण्यासाठी गाडी लागते अशी माणसं आमच्याकडे झाली, आणि त्यांत माझी बायको. गोठ्याभोवती फेऱ्या मार, असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, गोठा बोलत नाही.

मॅब्री मेडोज हे नाव बिल्डरने ठेवलं. ते कुरण माझं होतं. आता तिथे दोनशेवर घरं आहेत आणि विकत आणून अंथरलेलं गवत.

१९ ऑगस्ट, रविवार

चर्चमधून परस्पर डेलबर्टच्या गाडीतून सगळा भाग फिरलो. वाटेत उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतली. डेलबर्टचं पेंडीचं दुकान चौकातच असल्यामुळे कोण काय बोलतं ते त्याच्या कानावर येतं. पण मी कानावर विश्वास ठेवत नाही, पाट्यांवर ठेवतो. मॅब्री रोडला जवळजवळ प्रत्येक फाटकाला माझी पाटी आहे. गिरणीच्या रस्त्यालाही. माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या टॉलिव्हरबाईच्या पाट्या चौकाचौकांत, सरकारी गवतावर. कुणाच्या अंगणात म्हणाल तर तीन-चार.

वसाहतींमध्ये एकही पाटी नाही, माझी नाही की तिची नाही. भिंती, कारंजं, वसाहतीचं नाव, आत सारखी घरं. डेलबर्ट म्हणाला, "आत काय शिजतंय कळत नाही."

"काही शिजत नाही. झोपायला येतात, सकाळी अटलांटाला जातात. त्यांना या काउंटीशी काय देणंघेणं?"

"पाट्यांना मनाई आहे म्हणून नसतील."

मनाई आहे हे मला माहीत आहे. ती अट मीच घातली. पहिल्या वसाहतीची जमीन बिनशेती करून देताना मी बोर्डात म्हणालो की सोसायटीच्या नियमांत असं असलं पाहिजे: दारात पाट्या नकोत, दोरीवर कपडे नकोत, अंगणात मोडक्या गाड्या नकोत. रस्त्याला शोभा राहिली पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक वसाहतीला तीच अट. माझ्या स्वतःच्या जमिनीची वेळ आली तेव्हा मी नियमाप्रमाणे सभागृहाबाहेर उभा राहिलो. बाकीच्या सगळ्यांना हात वर केला. या वसाहतींच्या कराच्या पैशातून अग्निशमन केंद्र झालं हे आज कुणाला आठवत नाही.

पण ज्याला खरंच काही म्हणायचं आहे तो नियम असतानाही म्हणतो. गप्प राहतो त्याला म्हणायचं नसतं. मी जिंकतो आहे.

२८ ऑगस्ट

बोर्डाची सभा. लोकांना बोलायला वेळ असतो त्यात जोसेट टॉलिव्हर उठली. हीच माझ्याविरुद्ध उभी आहे. औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, ओहायोहून आलेली, मॅब्री मेडोजच्या पहिल्या रांगेत घर. काळी आहे, मी ते लिहितो कारण लोक मला विचारतात की त्यामुळे का. त्यामुळे नाही. ती ओहायोची गोरी असती तरी मला हेच म्हणायचं होतं.

"मिस्टर मॅब्री, माझ्या घरापासून शाळा अर्धा मैल आहे. मुलाला मी गाडीने सोडते, कारण चालायला जागा नाही. अर्ध्या मैलासाठी आम्ही सगळे रांगेत उभे असतो. मॅब्री रोडला फुटपाथ हवा."

मी विचारलं, "घर घेतलंत तेव्हा फुटपाथ होता का, बाई?"

"नव्हता, सर."

"मग?"

"तेव्हा रांगही नव्हती. माझ्यामागून नऊ वसाहती तुम्ही मंजूर केल्यात."

सभागृह हसलं. पाठीमागच्या खुर्च्यांवर मी कधी न पाहिलेली माणसं बसली होती, आणि तीही हसली. मी सांगितलं की फुटपाथसाठी जुन्या घरांची पुढची जमीन घ्यावी लागेल, डेलबर्टच्या दुकानाचा ओटा जाईल, चर्चच्या दफनभूमीची भिंत मागे सरकवावी लागेल. माझे आईवडील त्या भिंतीला लागून आहेत. ती म्हणाली, "भिंतीपाशी रस्ता ओलांडून पलीकडून नेता येईल. मी मोजून आले आहे."

माझ्या आईवडिलांच्या थडग्याशी ही बाई टेप घेऊन गेली होती.

घरी येऊन नेलला सांगितलं. ती म्हणाली, "आणि जातो का पलीकडून?"

"प्रश्न तो नाही."

"बरं," ती म्हणाली आणि मक्याची भाकरी ओव्हनमधून काढली. स्वस्त जमीन, कमी कर, शांतता म्हणून इथे येतात, आणि आल्याबरोबर जिथून पळून आले तिथल्यासारखं सगळं मागतात. असं असेल तर तिथेच का राहिले नाहीत, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

१२ सप्टेंबर

पक्षाच्या राज्य कार्यालयातून मिस प्रुइट नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, पायात शहरी बूट. बुधवार असल्यामुळे घरात कुणी नव्हतं. बुधवारी नेल चर्चच्या तळघरात वसाहतीतल्या बायकांना इंग्रजी वाचायला शिकवते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, तरी हौस फिटली नाही. म्हणून डेलबर्टच्या दुकानातच बसलो.

बाईंनी संगणक उघडला. "मिस्टर हॉइट, तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात तेव्हाच्या मतदारांपैकी निम्मेसुद्धा आता या भागात नाहीत. काही वारले. काही जमीन विकून तलावाकाठी गेले. त्यांच्या जागी जे आलेत ते वेगळे आहेत, आणि दरवर्षी वाढताहेत."

"मी इथलाच आहे."

"तुम्ही आहात. मतदारसंघ नाही." मग म्हणाल्या, "मला तुमच्या एकट्याची काळजी नाही, खरं सांगते. राज्याची आहे. आजवर अटलांटा शहर एका बाजूला गेलं तरी भोवतीच्या तुमच्या या बेलामीसारख्या काउंट्या आपल्या बाजूने तोल सांभाळायच्या. तो तोल गेला की जॉर्जिया गेलं. गव्हर्नर, सिनेट, सगळं. तुम्ही फुटपाथचं वचन द्या. वसाहतींत दारोदार जा. ती सगळी त्यांची मतं नाहीत. बरीच आपल्याला मिळू शकतात, कुणी मागितली तर."

"मॅब्रींनी कधी दार वाजवून मत मागितलेलं नाही. आणि ती माणसं माझ्या जमिनीवर राहताहेत."

"तुझी होती," डेलबर्ट पेंडीच्या पोत्यावर बसून म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी पोत्यावर बसलोय. मला बाजू नाही."

जाताना बाईंनी विचारलं, "घरात मतं किती?"

"दोन."

"दोन्ही नक्की?"

मी टोपी घातली. डेलबर्ट म्हणाला, "मिस प्रुइट, हे तुम्ही विचारायला नको होतं." त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांनाच विचारते. शिकलेल्या, साठीच्या बायका आम्ही आता धरून चालत नाही." अटलांटाहून गाडी चालवत येऊन माझ्या घरातलं मत मोजायची या बाईची हिंमत. पक्षाच्या जेवणावळींसाठी मी तीस वर्षं डुकरं भाजली आहेत. संध्याकाळी हे नेलला सांगितलं तेव्हा ती वर्गाच्या वह्या आवरायला लागली. तिलाही लागलं असणार.

२४ सप्टेंबर

एक कोरियन गृहस्थ दारात. नाव बेक, कपडे धुण्याचं दुकान आहे, मॅब्री मेडोजमध्येच राहतो. हातात पेअरची पेटी, प्रत्येक फळ वेगळ्या जाळीत गुंडाळलेलं. त्यांचा सण आहे म्हणाला. निवडणुकीच्या दिवसांत पेटी घेऊन येणाऱ्या माणसाला काय हवं असतं ते मला कळतं. मी पेटी हातात घेतली नाही. नेलने घेतली.

"तुमची एक पाटी हवी," तो म्हणाला.

"कशाला?"

"लावायला." मग मला समजत नाही असं वाटून, "मी पहिल्यापासून तुमच्याच पक्षाचा, सर. आमच्या चर्चमधले बरेचजण. धंदा आहे, कर आहे. रविवारी चर्चमध्ये जेवण असतं, तुम्ही या. दहा मिनिटं बोला. फुटपाथचं काही बोललात तर बरं, कारण म्हातारे लोक चालतात."

"रविवारी आमचंही चर्च असतं," मी म्हणालो.

पाटी दिली. ही टॉलिव्हरची खोडी असेल, असं मला वाटलं. तो गेल्यावर नेल म्हणाली, "तुला कुणी मत देतो म्हणून सांगायला आलं तरी तू त्याला दारातच उभं केलंस."

पेअर चांगली होती. रसाळ.

२ ऑक्टोबर

बेकने पाटी परत आणून दिली. पुसून, कागदात बांधून. सोसायटीने नोटीस दिली. मी म्हणालो, सोसायटीवाले असेच असतात.

"मी त्यांना विचारलं, हा काय नियम. ते म्हणाले, काउंटीनेच घातलेली अट आहे."

 त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. चर्चच्या जेवणाचं या वेळी तो काही म्हणाला नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

६ ऑक्टोबर

अग्निशमन केंद्राची स्ट्यूची जेवणावळ. पहाटेपासून चार लोखंडी कढया उकळत होत्या. डुकराचं मांस, कोंबडी, मका, टोमॅटो, बटर बीन्स, सगळं एकजीव होईपर्यंत. उमेदवाराने येऊन वल्ह्याने कढई ढवळायची, ही इथली रीत. माझ्या वडिलांनी ढवळली, ते बोर्डावर गेले. मी ढवळली, मी गेलो. जो ढवळायला येत नाही त्याला आम्ही मोजत नाही.

टॉलिव्हर आली. मला वाटलं होतं ती येणार नाही. आली, हात धुतले, आणि नेलने, माझ्या नेलने, तिच्या गळ्यात ॲप्रन बांधला.

"तुमची ओळख?" मी विचारलं.

"चालताना भेटते," नेल म्हणाली.

टॉलिव्हरने वल्हं हातात घेतलं तेव्हा म्हातारा रूफस, ज्याने पन्नास वर्षं ही कढई सांभाळली, तिला म्हणाला, "पोरी, तळापासून. वरवर फिरवशील तर करपेल." ती तळापासून ढवळायला लागली. घाम आला तरी थांबली नाही. मग चव घेऊन म्हणाली, "मिस नेल, मीठ कमी वाटतंय का?"

"रूफसला सांगू नकोस. हृदयाच्या बायपासपासून त्याने मीठ सोडलंय आणि आपल्यालाही सोडायला लावलंय."

रूफस हसला. तो माझ्या वडिलांच्या शवपेटीला खांदा देणारा माणूस. रांगेतल्या बायका टॉलिव्हरभोवती जमल्या आणि औषधांच्या किमती विचारायला लागल्या. कुणी औषधाची चिठ्ठी दाखवत होतं, कुणी गोळ्यांची बाटली. मी दुसरी कढई ढवळत होतो. माझ्या कढईपाशी डेलबर्ट होता आणि बोर्डाचे दोन जुने सभासद, आणि आम्ही चौघे खताच्या भावाबद्दल बोललो.

गाडीत मी नेलला म्हणालो, "तिला रीत शिकवायची काय गरज होती?"

"तिला माहीत होती. तिची आजी इथलीच, आपल्या जॉर्जियातल्या मॅकनची. ती ओहायोत जन्मली, कारण आजी इथून निघून गेली, तेव्हा कितीतरी काळी कुटुंबं गेली तशी." थोड्या वेळाने म्हणाली, "का गेली असेल, तुला काय वाटतं?"

मी गाडी चालवत होतो. रात्री त्या रस्त्याला हरणं येतात, लक्ष ठेवावं लागतं.

१७ ऑक्टोबर

मतदान आम्ही नेहमी निवडणुकीच्या दिवशी करतो. मी आणि नेल, एकत्र, चर्चच्या हॉलमध्ये, दार उघडताच. मग बाहेर हॅम-बिस्किट, डुकराचं मांस भरलेला गरम पाव. लग्नानंतरची पहिली निवडणूक धरून कधी चुकलं नाही.

आज ती बुधवारच्या बायकांना घेऊन लवकरच्या मतदानाला गेली. त्यांतल्या दोघींना नुकतंच नागरिकत्व मिळालंय, पहिल्यांदाच मत देणार होत्या, घाबरल्या होत्या म्हणून. त्यांच्याबरोबर तिनेही देऊन टाकलं. मी म्हटलं, "हॅम-बिस्किटचं काय?"

"तू खा. मी करून देईन."

तासन्तास रांगेत उभी राहून आली, गुडघा सुजला होता. बर्फ लावून बसली. म्हणाली, "आपल्या काउंटीत एवढी माणसं आहेत, हॉइट. मला माहीतच नव्हतं."

लोकांना आयतं सोपं करून दिलं की असंच होतं. एक दिवस होता तेव्हा ज्याला खरंच मत द्यायचं असे तोच येई. आता तीन आठवडे दार उघडं.

तिचं एक मत आधीच पेटीत गेलं, एवढं तरी झालं. आमच्या घरातून खातं उघडलं.

२६ ऑक्टोबर

सकाळी क्लेटन रॅग्सडेल आला, बिल्डर. माझ्या उरलेल्या वरच्या जमिनीबद्दल. मी म्हणालो, निवडणूक होऊ दे. त्याने निवडणूक निधीला चेक दिला आणि जाता जाता सहज बोलून गेला की तेवढाच त्याने टॉलिव्हरलाही दिलाय.

"तिला?"

"धंदा आहे, मिस्टर हॉइट. बोर्डावर कोण बसेल त्याच्याकडेच मला यायचं आहे."

"तुझ्या घरांमुळे ती इथे आहे."

"तुमच्या मतांमुळे माझी घरं आहेत," तो म्हणाला, अगदी आदराने, टोपी हातात धरून.

चेक फाडला. मग वाटलं की फाडायला नको होता, पाट्यांचे खुंट बदलायचे होते. या माणसाला मी जेवू घातलंय. कुणालाच आता बाजू नाही. सगळे पोत्यावर बसले आहेत.

५ नोव्हेंबर

उद्या. डेलबर्टबरोबर शेवटचा फेरा. पाट्या जागेवर. मॅब्री रोडला एकही पडलेली नाही.

मिस प्रुइटने फोन केला. फुटपाथचं अजूनही जाहीर केलं तरी चालेल म्हणाली, लोक रात्री फोनवर वाचतात. मी म्हणालो, माझा शब्द फोनवर वाचण्याचा नाही. सोळा वर्षं जे नाही म्हणालो ते आदल्या दिवशी हो म्हणालो तर लोक मला हसतील. "हसणारे तुम्हाला मत देतील," ती म्हणाली. मी फोन ठेवला.

नेलने विचारलं, "काय म्हणाली?"

"नेहमीचंच."

"हॉइट, हरलास तर काय करशील?"

"कशाला हरेन?"

ती भांडी पुसत राहिली. एक ताटली दोनदा पुसली.

६ नोव्हेंबर

दार उघडायच्या आधीच चर्चभोवती रांग वळसा घालून दफनभूमीपर्यंत आलेली. मी रांगेत उभा राहिलो. पुढचा माणूस माझ्याशी मोकळेपणाने बोलला. नोकरी कुठे, मुलं किती, पाऊस केव्हा. शेवटी विचारलं, तुम्ही इथले का? मी म्हणालो, या रस्त्याला माझं नाव आहे. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

निकाल डेलबर्टच्या दुकानात पाहिले. पेंडीचा वास, छोटा टीव्ही, सातआठ जण. आमच्या जुन्या केंद्रात मी पुढे होतो, पण पूर्वीसारखा नाही. गिरणी रोडला थोडा पुढे. मग मॅब्री मेडोज आणि आसपासच्या वसाहतींचं केंद्र आलं, आणि त्यानंतर मोजण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या नावाच्या ठिकाणी दर तीन माणसांतल्या दोघांनी मला नको म्हटलं होतं. एकही पाटी न लावता.

टीव्हीवर राज्याचा नकाशा होता. बेलामी काउंटीचा रंग बदललेला. मी जन्मल्यापासून तो आमच्याशिवाय कधी बदललेला नव्हता. पूर्वी सगळेच एका पक्षात होतो, मग सगळेच दुसऱ्या पक्षात गेलो, पण सगळे मिळून. राज्य या वेळी थोडक्यात वाचेल असं बातम्यांत म्हणत होते. मिस प्रुइटने फोनवर सांगितलं, "या वेळी." पुढचं ती बोलली नाही.

डेलबर्टने टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाला, "माझ्या दोन्ही सुनांनी तुला मत दिलं नाही. मला कालच माहीत होतं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू पाट्या मोजत होतास."

घरी आलो. नेल स्वयंपाकघरात जागी बसली होती, ताकात कुस्करलेल्या मक्याच्या भाकरीचा पेला समोर. तिला कळलं होतं.

मी म्हणालो, "बाहेरच्यांनी हरवलं मला. आले, आणि घेऊन गेले."

"मी बाहेरची नाही," नेल म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो, बूट काढायला लागलो, आणि एक बूट काढल्यावर कळलं.

"केव्हापासून?"

"ते मोजलं नाही."

"एका फुटपाथसाठी?"

"तुला अजून तो फुटपाथच वाटतो." ती रागावली होती. पंचेचाळीस वर्षांत मी तिला इतकी रागावलेली पाहिली नव्हती, आणि ती आवाज चढवत नव्हती. "सगळ्या काउंटीकडे तू मत मागितलंस, थोडं तरी. मला एकदाही विचारलं नाहीस. बाहेरून आलेल्या त्या बाईनेसुद्धा विचारलं. म्हणाली, मिस नेल, तुमचा नवरा उभा आहे, मी मागणं बरं दिसत नाही, पण मागते. तू मला पाटीसारखं धरलंस, हॉइट. दारात ठोकलेलं."

"तू मला सांगायचंस."

"मी रोज सांगत होते."

हे खोटं आहे. ती रोज बोलत होती, पण हे तिने कधी सांगितलं नाही. मी ही वही उलटून पाहिली. कुठेही नाही.

हे सगळं त्या लोकांनी केलं. माझ्या घरात शिरून केलं, बुधवारच्या वर्गातून, फुटपाथवरून, पेअरच्या पेटीतून. जमीन मी दिली, रस्ते मी दिले, अग्निशमन केंद्र मी दिलं. त्यांना माझं घरही हवं होतं. मिस प्रुइटला हे सप्टेंबरमध्येच कळलं होतं, आणि तिने माझ्या घराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो आहे.

७ नोव्हेंबर

सकाळी उठलो तेव्हा नेल घरात नव्हती. काल मी पिकअप तिच्या गाडीच्या मागे आडवी लावली होती, आणि तिने मला उठवलं नाही. खिडकीतून दिसली. मॅब्री रोडने, चर आणि गाड्या यांच्यामधून, लंगडत शाळेच्या दिशेने चालली होती. शाळेची वेळ, गाड्यांची रांग, ट्रक तिला घासून जात होते. मी पायजम्यावरच कोट चढवून पिकअप काढली, तिच्या मागे गेलो, धोक्याचे दिवे लावले आणि तिच्या चालीने चालवत राहिलो. तिने एकदा वळून पाहिलं आणि चालत राहिली. मागे हॉर्न वाजायला लागले. मी काच खाली करून एकाला सुनावलं, दिसत नाही का, बाई चालतेय. चर्चशी पोचल्यावर ती माघारी फिरली. त्या अरुंद रस्त्यावर मला वळायला जागा नव्हती. पुढे जाऊन एका वसाहतीत शिरलो, कुणाच्या तरी दारात गाडी वळवली आणि घाईने परत आलो. तोवर ती डेलबर्टच्या दुकानाच्या पुढे गेली होती. मी पुन्हा दिवे लावले आणि तिच्या मागे घरापर्यंत आलो.